राखेच्या गावातील उपासनावर्ष

आमच्या धर्मग्रामातील कामगारवस्तीत कोणत्याही कॅथलिक घरी गेले, तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर तीन दिनदर्शिका हमखास आढळतात. पहिली 'कालनिर्णय'. तिच्यावर दुधाचे खाडे आणि गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख टिपलेली असते. दुसरी म्हणजे यजमानांच्या पाळ्यांचा तक्ता. सकाळ, दुपार, रात्र आणि सुट्टी असे त्याचे चक्र असते व ते रविवार ओळखत नाही. तिसरी दिनदर्शिका धर्मग्रामाने नाताळात घरोघर वाटलेली. तिच्यावर पवित्र कुटुंबाचे चित्र असते, आणि आतील रविवार जांभळ्या, पांढऱ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत छापलेले असतात.

या तिघींपैकी घर कोणाच्या शब्दाने चालते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे. घर पाळ्यांच्या तक्त्याने चालते. मुलांच्या परीक्षा आणि गावाकडची लग्ने 'कालनिर्णय' सांभाळते. उरलेसुरले जे काही असेल ते तिसरीच्या वाट्याला येते. भाविकांना याची खंत आहे. "फादर, आमचा धर्म रजेच्या अर्जावर चालतो," असे एका गृहस्थांनी आम्हांस एकदा हसत हसत सांगितले. हसण्याच्या आड बरेच काही होते. त्यांच्या त्या वाक्याला उत्तर शोधता शोधता आमची येथील काही वर्षे गेली आहेत. हा लेख म्हणजे त्या शोधातील काही टिपणेच होत.

खापरखेडा हे नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कोलार आणि कन्हान या नद्यांच्या परिसरात वसलेले गाव. वाचकांपैकी पुष्कळांनी त्याचे नाव वीजकेंद्रामुळेच ऐकले असेल. २१० मेगावॉटचा पहिला संच येथे १९८९ साली सुरू झाला. त्यानंतर तशाच आणखी तीन संचांची भर पडली आणि २०११ साली ५०० मेगावॉटचा पाचवा संच आला. एकूण क्षमता १३४० मेगावॉट. पलीकडे कोराडीचे केंद्र, अलीकडे सिल्लेवाड्याची कोळशाची खाण. आमचे भाविक म्हणजे या तिहींच्या सावलीत वाढलेली कुटुंबे. कोणी केरळातून आले, कोणी छोटानागपूरहून, कोणी तमिळ मुलखातून. काहींचे आजोबा कामठीच्या छावणीत होते. घरात बोलण्याची भाषा निरनिराळी, पण मुले मराठी शाळेत शिकली, आणि बाजारात सर्वांच्या तोंडी नागपुरी ठसक्याची मराठीच असते. संख्येने आम्ही थोडे. वसईच्या एखाद्या आळीत जितकी माणसे नाताळला जमतात, तितकी येथे साऱ्या पंचक्रोशीतून गोळा करावी लागतात.

येथे थोडे इतिहासाकडे वळावेसे वाटते. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला आणि १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. या भूमीत आरंभीच्या काळात राबले ते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी. नागपूरच्या मुख्य मंदिराला आणि महाविद्यालयालाही याच संताचे नाव आहे. पण या थोर बिशपांनी मूळ काय सांगितले, हे त्या महाविद्यालयात शिकलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. १६०९ साली त्यांचा भक्तिमय जीवनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मठवासीयांसाठी नव्हता, प्रपंचातील माणसांसाठी होता. प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला साजेशी असावी, असा त्यांचा आग्रह. कारागिराने मठवासीयासारखे दिवसभर देवळात बसावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. जी भक्ती माणसाच्या न्याय्य कामाच्या आड येते ती खोटी भक्ती, असा निर्वाळाही त्यांनी दिला. गुरुविद्यालयात आम्ही हा ग्रंथ अभ्यासासाठी वाचला होता. त्याचा अर्थ मात्र खापरखेड्याच्या वसाहतीत येऊनच लागला. रजेच्या अर्जावर चालणाऱ्या धर्माला उत्तर असेल, तर ते याच वाटेवर असले पाहिजे.

उपासनावर्षाचा आरंभ आगमनकाळाने होतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, वाचनांचे तीन वर्षांचे चक्र कोणत्याही वर्षात असो, शुभवर्तमान एकच गोष्ट सांगते. जागे राहा. हे वचन आम्ही शहरांतील देवळांतही समजावून दिले आहे. तेथे जागे राहणे म्हणजे विवेकाने सावध असणे, असा लाक्षणिक अर्थ सांगावा लागतो. येथे तशी गरज पडत नाही. समोर बसलेल्यांपैकी दोघांचे डोळे रात्रपाळीने तांबारलेले असतात, आणि जागे राहणे म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

विजेचे एक वैशिष्ट्य येथे आल्यावरच आम्हांस नीट समजले. धान्यासारखी ती कोठारात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी कोठे दिवा लागतो, त्याच क्षणी ती कोठे तरी निर्माण व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचे संतुलन साधले की नाही, हे एका आकड्यावरून कळते. तो आकडा पन्नासच्या आगेमागे थरथरत असतो. नियंत्रण कक्षातील माणसाला त्याच्यावर रात्रभर नजर ठेवावी लागते. आमच्या एका भाविकाला सलग काही वर्षे २४ डिसेंबरची रात्रपाळी आली. पत्नी आणि मुली मध्यरात्रीच्या मिस्साला, आणि हा आकड्यासमोर. "माझा नाताळ धरायचा की नाही, फादर?" त्याने विचारले. प्रश्न नियमाचा असता तर उत्तर सोपे होते. पर्याय नसताना कर्तव्यावर असलेल्या माणसाला दोष लागत नाही, आणि नाताळच्या दिवशी सकाळी मिस्सा असतेच. परंतु त्याला नियम नको होता. त्या रात्रीत आपल्याला जागा आहे की नाही, एवढेच त्याला हवे होते.

आम्ही त्याला रात्रीचे वर्णन करावयास सांगितले. मध्यरात्रीच्या सुमारास मागणी उतरते, तो म्हणाला. पहाटे पुन्हा चढू लागते. कोणी पाणी तापवते, कोणी मोटर लावते, चक्की सुरू होते. आणि डिसेंबरमध्ये रात्रीही मागणी पूर्ण झोपत नाही, कारण शेतातील पंप चालू असतात. विदर्भातील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे आलटून पालटून रात्रीचाच वीजपुरवठा मिळत आला आहे. गहू आणि हरभरा यांना पाणी द्यावयाचे म्हणजे कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्याची पर्वा न करता, कंदील नाही तर बॅटरी घेऊन बांधावर उभे राहायचे. तेव्हा एकाच प्रवाहाच्या एका टोकाला आमचा भाविक जागा होता, आणि दुसऱ्या टोकाला काटोल-सावनेरकडचा कोणी शेतकरी ओल्या मातीत उभा होता. संत लूक नाताळची वार्ता प्रथम कोणाला मिळाली हे सांगताना राजवाड्यात जात नाही. रानात कळपाची राखण करीत रात्र काढणाऱ्या मेंढपाळांकडे जातो. ते प्रार्थनेसाठी जागे नव्हते. ती त्यांची पाळी होती. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की त्या रात्री कामावर असलेली माणसे हीच नाताळची पहिली माणसे आहेत. उत्सवाला जमलेले आपण सगळे नंतरचे. पुढच्या वर्षी त्याने रजा मागितली नाही. त्याची पत्नी मात्र आमच्यावर थोडी रुसली, हेही सांगितले पाहिजे.

नाताळानंतरचे दिवस झरझर जातात. संत्र्याचा आंबिया बहार बाजारातून उतरतो, शाळांची स्नेहसंमेलने होतात. २ फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाच्या सणी आम्ही मेणबत्त्यांना आशीर्वाद देतो. येथे ती मेणबत्ती हातात धरताना वीजकेंद्रातील अभियंतेही जरा जपून चालतात, हे पाहावयास आम्हांस आवडते. अलीकडे वेदीवर विजेच्या मेणबत्त्या ठेवण्याची टूम निघाली आहे. वीज ज्यांच्या घरची, त्या आमच्या लोकांनी ती आजवर मागितलेली नाही.

मग राखेचा बुधवार येतो. तो ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. म्हणजे पळस फुलण्याच्या दिवसांत. विदर्भातील पळस पाने गाळून अंगभर पेटलेला असतो, आणि आम्ही त्याच वेळी जांभळी वस्त्रे परिधान करतो. राख कशी तयार होते हे मुलांना दरवर्षी दाखविण्याची आमची प्रथा आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरोघरच्या तसबिरींमागून गोळा केल्या जातात. येथे नारळ नाही. नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आम्ही वापरतो. वाळल्यावर त्या चटकन पेट घेतात. टोपलीभर झावळ्यांची राख जेमतेम वाटीभर निघते, आणि ती साऱ्या धर्मग्रामाला पुरते.

काही वर्षांपूर्वी ही राख कपाळी लावून घेतल्यावर एक वयस्क बाई मिस्सा संपताच आमच्यापाशी आल्या. त्यांचे यजमान राख हाताळणीच्या विभागात ठेकेदाराकडे राबून वारले होते. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही वर्षातून एक डाव लावता. आमच्या घरी त रोजच राखेचा बुधवार असते." भोवतालचे हसले, त्याही हसल्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, पिण्याच्या पाण्याच्या झाकणीवर येथे बारीक राख बसते. ती नेमकी कोठून येते याचा हिशेब आम्हांस येथे मांडावयाचा नाही. चिमण्या आहेत, राख वाहून नेणारे ट्रक आहेत, वीटभट्ट्या आहेत, आणि उन्हाळ्याची वावटळ आहे. पण बाईंचे बोलणे नुसते विनोदाचे नव्हते. रोज न मागता अंगावर पडणारी राख पुसणाऱ्या माणसाला चर्चने आणखी राख कशासाठी लावावी?

पवित्र शास्त्रात राखेत बसलेल्या दोन व्यक्ती आम्हांस आठवतात. एक निनवेचा राजा. योनाचा इशारा ऐकून तो सिंहासनावरून उतरला, राजवस्त्र टाकले आणि राखेत बसला. त्याच्या हातून आणि त्याच्या नगराच्या हातून अन्याय झाला होता. दुसरा ईयोब. तोही राखेत बसला, पण त्याने काही केले नव्हते. त्याच्यावर जे ओढवले त्याने त्याला तेथे आणून बसविले होते. राखेच्या बुधवारची राख ही निनवेची राख आहे. बाईंच्या घरातील राख ही ईयोबाची. दोन्ही दिसायला सारख्याच, आणि प्रवचनकाराने त्यांची गल्लत केली तर ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला बसण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

मग प्रश्न असा उरतो, की खापरखेड्यावर पडणाऱ्या राखेसाठी निनवेची राख कोणी लावावी? एका अभियंत्याने आम्हांस हिशेब समजावून दिला. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट वीज खर्च होते. ते एक युनिट निर्माण करावयास सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, शंभरात तीस-चाळीस भाग. म्हणजे युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. चिमणीआधी ती यंत्रांनी पकडली जाते, तिचे सिमेंट होते, विटा होतात, बाकीची पाण्याबरोबर राखेच्या तलावात जाते. परंतु ती कोठे तरी, कोणाच्या तरी शिवारात असतेच. वसईत, पुण्यात, मुंबईत हा लेख ज्या दिव्याखाली वाचला जाईल त्याचीही राख कोठल्यातरी गावाने सांभाळलेली असेल. आमच्या निवासातील पंखा आणि मंदिरातील दिवे यांचीही तीच कथा. कपाळावरची राख चिमूटभर आणि विजेच्या देयकामागची राख पोत्याने, हे त्या दिवसापासून आमच्या मनातून जात नाही.

पुढल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही भाविकांपुढे एक सूचना ठेवली. रोज सायंकाळी जेवणाच्या वेळी अर्धा तास दिवे आणि दूरचित्रवाणी बंद ठेवावी, वाचलेले पैसे दानपेटीत टाकावेत. मागच्या बाकावरून एक तरुण उठला. "फादर, सगळ्या महाराष्ट्राने असं केलं, तर आमचा बोनस कुठून येईल?" पुन्हा हशा. पण त्या तरुणाने आमच्या धर्मग्रामाचा सारा पेच एका वाक्यात मांडला होता. जी भट्टी घर चालविते, तीच कपडे काळे करते. तिला शाप देणे म्हणजे स्वतःच्या भाकरीला शाप देणे. तिची आरती ओवाळणे म्हणजे बाईंच्या यजमानांना विसरणे. चर्चचे वर्ष या पेचातून सुटका करीत नाही, आणि ते करते असे सांगणाऱ्या उपदेशकांवर आमचा फारसा विश्वास नाही. ते वर्ष एवढेच करते, की दरवर्षी एका ठरलेल्या बुधवारी हा पेच आपल्या कपाळावर आणून ठेवते आणि त्याच्याकडे काणाडोळा करू देत नाही. अर्धा तास दिवे बंद ठेवावयाचे काही घरांनी मान्य केले, काहींनी केले नाही. तो तरुण मान्य करणाऱ्यांत होता.

उपवासाविषयी दोन शब्द. चर्चचा नियम अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या निरोगी माणसांना राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवास सांगतो. शुभ शुक्रवार विदर्भात बहुधा चाळीस अंशांच्या घरात जातो, आणि बॉयलरजवळ काम करणाऱ्याला त्याहून अधिक सोसावे लागते. अशा माणसाला उपवासातून सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना आहे, आणि आम्ही तो मोकळ्या हाताने वापरतो. तरीही काही जण पाळीवर जाताना फक्त ताकाची बाटली नेतात. त्यांना कोणी रोखू शकत नाही.

पुनरुत्थानाच्या जागरणविधीला खापरखेड्यात एक अडचण येते. विधीप्रमाणे मंदिरातील सर्व दिवे मालवावयाचे, बाहेर नवा अग्नी पेटवावयाचा आणि पास्काची एकच मेणबत्ती काळोखात आत न्यावयाची. पण येथे काळोख पुरेसा होत नाही. खिडक्यांतून केंद्राच्या दिव्यांचा उजेड आत येतो, चिमण्यांवरचे तांबडे दिवे उघडमीट करीत असतात. पहिल्या वर्षी आम्हांस हे खटकले होते. आता खटकत नाही. त्या रात्रीच्या प्राचीन स्तुतिगानात मेणबत्ती घडविणाऱ्या मधमाश्यांच्या श्रमांची आठवण केलेली आहे. इतक्या थोर सोहळ्यात, मृत्यूवरील विजयाच्या घोषणेच्या ऐन मध्यावर, चर्च थबकते आणि हा उजेड कोणाच्या कष्टातून आला याची नोंद करते. आम्ही ते गाताना क्षणभर खिडकीकडे पाहतो. जागरणविधीला न येऊ शकलेले तेथे, त्या उजेडामागे असतात.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आणि कामगार संत योसेफ यांचा सण एकाच दिवशी येतात. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी हा सण घालून दिला, १९६० साली याच तारखेला राज्य स्थापन झाले. सुताराची हत्यारे वेदीजवळ ठेवण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्याकडे पाना, हेल्मेट आणि घमेले ठेवतात.

मग पवित्र आत्म्याचा सण होतो, आणि त्यानंतर सामान्यकाळ. त्याचे हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की यात काही विशेष नाही. वर्षातील तेहतीस किंवा चौतीस आठवडे याच काळाचे, आणि त्यांतील बहुतेक पावसाळ्यात व त्यानंतर येतात. वस्त्रांचा रंग हिरवा. रोममध्ये जूनचा महिना उन्हाने करपणारा असतो. आपल्याकडे मृग निघतो आणि आठ-दहा दिवसांत शिवार वेदीच्या रंगाचे होऊन जाते. हा हिरवा रंग जणू आपल्या देशासाठीच निवडला असावा, असा आमचा लाडका समज आहे. शास्त्राचा त्याला आधार नाही.

२०२२ सालच्या पावसाळ्यात मात्र हा हिरवा रंग झाकला गेला. १६ जुलै, शनिवार, कार्मेल डोंगराच्या मातेचा सण. अतिवृष्टी चालू होती. त्या दिवशी आमच्या परिसरातील राखेचा एक बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, वस्त्यांत व कोलार नदीत शिरले. कोलार पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. आमच्या एका कुटुंबाने बटईने केलेल्या शेतात कपाशी नुकती हाताएवढी झाली होती. पाणी ओसरल्यावर तेथे करड्या रंगाचा गुळगुळीत थर राहिला, आणि त्याच्यातून कपाशीचे शेंडे तेवढे वर दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सामान्यकाळातील सोळावा रविवार. त्या दिवशीचे शुभवर्तमान आम्ही निवडलेले नव्हते, ते ठरलेलेच होते. मार्था आणि मरिया. मार्था कामात गढलेली, मरिया प्रभूच्या पायाशी बसलेली, आणि प्रभू मार्थेला समजावतो आहे. समोर बसलेल्या स्त्रियांपैकी काही जणी बहिणीच्या, नणंदेच्या घरातील चिखलराख उपसून पहाटे परतल्या होत्या. नखांत ती अजून होती. त्यांना कामाचा सोस करू नका असे कोणत्या तोंडाने सांगावे? आम्ही उतारा पुन्हा एकदा वाचला, आणि त्यातील एक साधी गोष्ट लोकांपुढे ठेवली. येशू ज्या घरी आला ते घर मार्थेचे होते. तिनेच दार उघडले होते. प्रभू तिच्या कामाला नावे ठेवीत नाही, तिच्या जिवाच्या घालमेलीबद्दल बोलतो. प्रवचन पाच मिनिटांत संपविले. मिस्सानंतर चहाऐवजी फावडी आणि घमेली निघाली. तेरा-चौदा माणसे दोन गाड्यांतून त्या शेताकडे गेली. त्यांत दोघे वीजकेंद्रात नोकरीला असलेले होते, एक बौद्ध शेजारी होता, आणि कोराडीच्या देवीचा निस्सीम भक्त असलेला किराणा दुकानदारही होता. त्याने गाडीचे भाडे घेतले नाही. शेत सगळे काही वाचले नाही. चार ओळी मोकळ्या झाल्या, त्यांतल्या दोन जगल्या.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनाविषयी विश्वपत्र लिहिले, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून नेमून दिला. २०२५ सालच्या पास्काच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, ते निवर्तले. धरणीचे दुखणे आणि गरिबाचे दुखणे वेगळे काढता येत नाही, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. आम्ही ते विश्वपत्र गटाने वाचावयास घेतले होते. कपाशीच्या त्या शेतानंतर वाचनाला येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि चर्चेत विश्वपत्रापेक्षा शेताचाच उल्लेख अधिक वेळा होऊ लागला.

ऑक्टोबरात नवरात्राच्या दिवसांत कोराडीच्या रस्त्यावर दर्शनाला जाणाऱ्यांची रांग लागते, आणि आमच्या घरांतून जपमाळेचा महिना चालू असतो. दोन्हींकडे ओठ पुटपुटत असतात. पावसाळा आवरतो, सोयाबीन निघते, आणि नोव्हेंबर उजाडतो.

२ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, लोक चिठ्ठ्यांवर आपल्या मृतांची नावे लिहून आणतात आणि त्या वेदीवर ठेवल्या जातात. सिल्लेवाड्याकडून येणारे एक वृद्ध भाविक खाणीत गेलेल्या सोबत्यांची नावे आणतात. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हते. आम्ही ती सर्व वाचतो. वर्षातील सर्वांत लांब मिस्सा हीच असते, आणि तिला कोणी लांबली म्हणून कुरकुर केल्याचे आम्हांस आठवत नाही.

राखेच्या बुधवारी आमच्यापाशी आलेल्या त्या बाई दरवर्षी एकच चिठ्ठी देतात. यजमानांचे नाव, सासऱ्यांचे नाव, लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव. त्या वर्षी चिठ्ठी उलगडली तेव्हा खाली आणखी एक ओळ होती. अक्षर नातवाचे असावे, शाळेच्या वहीतल्यासारखे. 'ह्यांच्या संगं कामावर होते ते दोघं. ठेकेदाराचे माणसं. नाव माहीत नाही.'

आम्ही ती ओळ जशी होती तशीच वाचली, आणि लोकांनी नेहमीचा प्रतिसाद दिला.